चौपाटीवरचे विमान : गैरसमज आणि वस्तुस्थिती

राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, 1895 मध्ये, शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान उडवले. ते माणसाविना 1500 फुटांवर गेले, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड ते पाहायला हजर होते, आणि मग इंग्रजांनी सगळे दडपले. ही कथा आपल्याकडे मोबाइलवरून फिरते, शाळेच्या भित्तिपत्रकांवर येते, आणि 2015 मध्ये ‘हवाईजादा’ या हिंदी चित्रपटातूनही ती लाखोंपर्यंत पोहोचली. तिच्यातला खरा भाग कोणता आणि नंतर चिकटलेला कोणता, हे नीट पाहायला हवे.

तळपदे खरेच होऊन गेले. 1864 चा जन्म, पाठारे प्रभू कुटुंब, जे. जे. कलाशाळेशी संबंध, संस्कृतचा आणि वेदांचा अभ्यास. विमानविद्येचा त्यांना ध्यास होता, आणि त्यांनी यंत्राच्या प्रतिकृती बांधण्याचे प्रयत्नही केले. प्रश्न फक्त उड्डाणाचा आहे.

‘बातमी टिळकांच्या केसरीत छापून आली होती’ हा पुरावा रत्नागिरीकराला चटकन पटतो, कारण टिळक आपल्या टिळक आळीतले. पण हे सांगणारा अंकाची तारीख सांगत नाही. केसरी हे काही हरवलेले हस्तलिखित नव्हे. बातमी असेल तर दिवस आणि पान दाखवता यायला हवे. शिवाय टिळक गणिताचे जाणकार, 1893 मध्ये ‘ओरायन’सारखा ग्रंथ लिहिलेले. एका एतद्देशीय माणसाने मुंबईत यंत्र आकाशात चढवले असते, तर त्यांनी ती गोष्ट एका बातमीवर सोडली असती, हे मला अशक्य वाटते. रानडे आणि सयाजीरावांचेही तसेच. नावे घेतली जातात, त्यांच्या लिखाणातला उतारा मात्र कोणी देत नाही. आणि 1500 फूट हा आकडा कोणी, कशाने मोजला?

दुसरा गैरसमज असा की हे विमान ‘वैमानिक शास्त्र’ या प्राचीन ग्रंथावरून बांधले होते. हा ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी 1918 ते 1923 या काळात तोंडी सांगून लिहवून घेतला, आणि त्यातल्या आकृत्याही 1923 च्या सुमारास बंगळुरूच्या एका आरेखकाने काढल्या. 1974 मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतील मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू या पाच अभ्यासकांनी त्याची तपासणी केली. भाषेवरून आणि इतर पुराव्यांवरून हा मजकूर 1904 च्या आधीचा असू शकत नाही, आणि शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर यांपैकी एकही विमान उडू शकणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष. शास्त्रींच्या मार्गदर्शनाने तळपदे यांनी केलेल्या प्रतिकृती उडू शकल्या नाहीत, याचीही त्यांनी नोंद केली आहे. तरी जानेवारी 2015 मध्ये मुंबईच्या भारतीय विज्ञान परिषदेत याच ग्रंथाच्या आधारे प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. मला त्याचे वाईट वाटते, कारण त्याच्या चाळीस वर्षे आधीच उत्तर आपल्याच देशात, आपल्याच लोकांनी लिहून ठेवले होते.

‘मरुत्सखा’ पाऱ्याच्या इंजिनावर उडाले, हा तिसरा मुद्दा. ‘नासानेही पारा वापरला’ असे सांगतात, आणि ते खरे आहे. 1970 च्या सर्ट-2 या यानावर पाऱ्याची आयन इंजिने होती. पण अशा एका इंजिनाचा जोर सुमारे 28 मिलिन्यूटन, म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम वजन पेलण्याइतका. पोकळीत तो महिनोन्‌महिने लागत राहिला की उपयोगी पडतो. चौपाटीवरच्या वाऱ्यात त्याने बांबूची काडीही उचलली नसती.

‘माणसाविना उडाले तरी राइट बंधूंचा मान गेलाच ना?’ नाही. 6 मे 1896 रोजी सॅम्युएल लँग्ले यांचे वाफेवरचे मानवरहित यंत्र पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर गेले. टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल तिथे होते आणि त्यांनी छायाचित्र काढले. तरी राइट बंधूंचा मान गेला नाही, कारण त्यांचे काम वेगळे होते. माणूस आत बसवून, ताबा ठेवून उडणे.

आणि राइट बंधू तरी कोण? सायकलदुरुस्तीचे दुकान चालवणारे हौशी लोक. म्हणून ‘हौशी संशोधकावर विश्वास ठेवत नाही’ ही तक्रार मला मान्य नाही. त्यांच्यावरही युरोपात वर्षानुवर्षे कोणी विश्वास ठेवला नव्हता. 8 ऑगस्ट 1908 ला फ्रान्समध्ये ल माँजवळ विल्बरने पावणेदोन मिनिटे विमान फिरवून दाखवले, आणि कट्टर टीकाकारांनीही चूक कबूल केली.

हीच कसोटी आज कोणी ‘पाण्यावर चालणारी दुचाकी’ घेऊन आला तर लावावी. पाणी फोडून मिळवलेल्या हायड्रोजनवर ती चालते म्हणतात, पण एक किलो हायड्रोजनसाठी नऊ लिटर पाणी फोडायला प्रत्यक्षात पन्नासेक युनिट वीज लागते. तो जाळून फार तर 39 युनिट उष्णता मिळते. म्हणजे उरलेली ऊर्जा कुठून तरी येते, बहुधा पेट्रोलच्या टाकीतून. टाकी रिकामी करून सीलबंद करावी, बॅटरी आधी-नंतर मोजावी आणि गाडी रत्नागिरीहून हातखंब्याला नेऊन आणावी. गाडी बांधणाऱ्याला हसू नये, पण हे मोजमाप त्याच्यासमोरच करावे.