क्रूझवरून बेटावर उतरताय? सँटोरिनीची रांग, शेवटची बोट आणि तुमचा मोबाइल

संध्याकाळचे चार वाजून पाच मिनिटं. ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावर, समुद्रापासून दोनशे मीटरहून उंच कड्यावर आई आणि मी उभ्या. खाली निळ्या पाण्यात आमचं जहाज खेळण्याएवढं दिसतंय. जहाजावर परत नेणारी शेवटची बोट साडेपाचला. आणि बाबा सापडत नाहीयेत. फोन लावावा तर त्यांचा मोबाइल एअरप्लेन मोडवर. तसा ठेवायला मीच सांगितलं होतं.

२०२५ च्या सप्टेंबरमधली ही गोष्ट. मी कामासाठी सहा महिने जर्मनीत होते. आई-बाबा भेटायला आले, आणि तिघांनी मिळून अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून चार दिवसांची क्रूझ घेतली. निघण्याआधी मी सगळ्या गोष्टींची यादी केली होती: व्हिसा, विमा, पॉवर बँक. पण जहाजातून उतरणं हे सुद्धा एक काम असतं, त्याला वेळ लागतो आणि तो वेळ आधी काढता येतो, हे डोक्यातच आलं नाही. सॉफ्टवेअरमध्ये दिवसभर हेच करते मी. किती रिक्वेस्ट येतात, सर्व्हर किती झेपवतो, कुठे तुंबतंय.

जहाज धक्क्याला लागतच नाही

सँटोरिनी म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या विवराची कड. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीच्या स्फोटानंतर मधला भाग खचला आणि तिथे समुद्र शिरला. त्यामुळे कडा सरळ उभा आणि पाणी काही ठिकाणी जवळपास ४०० मीटर खोल. मोठी जहाजं किनाऱ्यापासून लांबच थांबतात आणि प्रवाशांना लहान बोटीतून नेतात. या बोटीला टेंडर म्हणतात. मुंबईहून लक्षद्वीपला क्रूझने गेलेल्यांना हा प्रकार माहीत असेल.

या बोटी तुम्हाला जुन्या बंदरावर सोडतात. तिथून वर फिरा गावात जायला तीन मार्ग: केबल कार, ५८८ पायऱ्या, नाहीतर गाढव. पायऱ्यांचा अंदाज हवा असेल तर घारापुरीच्या लेण्यांपर्यंतचा जिना चढल्याचं आठवा आणि त्याला जवळपास पाचाने गुणा. गाढवांचं म्हणाल तर ग्रीसने २०१८ मध्ये १०० किलोपेक्षा जास्त वजन त्यांच्यावर लादायला बंदी घातली. आम्ही तिघंही त्या मर्यादेत बसत होतो, पण त्या प्राण्यांकडे बघून बसवेना.

म्हणजे उरली केबल कार. रायगडच्या रोपवेसारखंच काम. एका फेरीत सहा डबे, प्रत्येक डब्यात सहा जण, एकूण छत्तीस. रांगेत उभं राहून दुसरं काही काम नव्हतं म्हणून मी स्टॉपवॉच लावलं. फेऱ्या साधारण चार मिनिटांना एक सुटत होत्या. तासाला पंधरा फेऱ्या, म्हणजे ५४० माणसं.

आता दुसरी बाजू बघा. त्या दिवशी आमच्यासकट तीन जहाजं उभी होती. एकेका बोटीत शंभरेक माणसं आणि प्रत्येक जहाजाची दर दहा मिनिटांना एक बोट धरली, तर तासाला १,८०० माणसं खालच्या बंदरावर उतरतात आणि त्यातली ५४० वर जातात. काही पायऱ्या चढतात, काही गाढवावर बसतात, बाकीचे उन्हात साठत राहतात. बादलीत तीन नळ सोडलेत आणि तळाला एकच बारीक तोटी आहे, असं समजा. बोटी वाढवल्या तर खालची रांगच वाढेल. सर्व्हर स्लो असताना ॲपवर पुन्हा पुन्हा रिफ्रेश मारल्यासारखं ते.

बेटावर राहणारे लोक पंधरा हजारांच्या आसपास. म्हणूनच २०२५ पासून सँटोरिनीला एका दिवसात जास्तीत जास्त ८,००० क्रूझ प्रवासी अशी मर्यादा घातली आहे. त्याच वर्षीच्या जुलैपासून ऐन हंगामात उतरणाऱ्या प्रत्येकाला २० युरो शुल्कही लागतं. आमच्या बिलात ते तिघांचे ६० युरो बघून बाबा म्हणाले, "जत्रेचा कर आहे हा." ८,००० ची मर्यादासुद्धा केबल कारच्या हिशोबात प्रचंडच आहे, हे मात्र रांगेत उभं राहिल्यावर कळतं.

गर्दी आधी कशी बघायची

हे मला घरबसल्या कळलं असतं. क्रूझमॅपरसारख्या साइटवर बंदराचं नाव आणि तारीख टाकली की त्या दिवशी कोणती जहाजं येणार, किती वाजता आणि साधारण किती प्रवाशांची, हे दिसतं. मी बघितलं असतं तर आमच्या आधी तासभर एक मोठं जहाज येऊन थांबणार होतं हे समजलं असतं. मग आम्ही उठल्या उठल्या टेंडरचा नंबर घेतला असता.

नंबर म्हणजे काय, ते सांगते. बोटीत चढायला जहाजाच्या ॲपमध्ये गट नंबर मिळतो आणि तुमच्या गटाची वेळ झाली की सूचना येते. हे ॲप जहाजाच्या वाय-फायवर चालतं आणि त्यासाठी इंटरनेटचं पॅकेज घ्यायची सहसा गरज नसते, कारण सर्व्हर जहाजातच असतो. पण किनाऱ्यावर पाय ठेवला की हे वाय-फाय सुटतं आणि ॲप रिकामं दिसू लागतं. त्यामुळे शेवटच्या बोटीची वेळ, बंदराचं नाव आणि जहाजाच्या तिथल्या एजंटचा फोन नंबर यांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आईने तर तो छापील कागदच पर्समध्ये घडी करून ठेवला होता. त्या कागदाला चार्जिंग लागलं नाही.

तर बाबा कुठे होते?

माझ्याकडे जर्मन सिम. युरोपियन युनियनमध्ये ते घरच्याच दरात चालतं, म्हणून ग्रीसमध्ये डेटाची चिंता नव्हती. आई-बाबांकडे भारतातली सिम, रोमिंग पॅक नाही. मी माझा हॉटस्पॉट चालू केला आणि दोघांना सांगितलं, एअरप्लेन मोड ठेवा आणि माझ्या वाय-फायवर राहा. मला वाटलं, काय स्वस्त आणि मस्त सोय केली.

मोबाइलच्या हॉटस्पॉटची रेंज मोकळ्या जागेत काही दहा मीटर. मध्ये दगडी भिंत आली की आणखी कमी. बाबा गुडघा दुखतो म्हणून फिराच्या मोठ्या कॅथेड्रलपाशी बाकावर बसले. आई आणि मी "पाच मिनिटांत येतो" म्हणून बाजूच्या गल्लीत वळलो, आणि त्या वळणावर बाबांचं नेटवर्क आमच्याबरोबर निघून गेलं. पाच मिनिटांची पस्तीस झाली (दोष माझा, कानातल्यांचं दुकान). परत आलो तर बाक रिकामा.

व्हॉट्सॲपवर एकच टिक. आईचा चेहरा उतरला. ती एवढंच म्हणाली, "अगं, त्यांच्याकडे पाण्याची बाटलीपण नाही."

एअरप्लेन मोडचा सल्ला जहाजावर बरोबर होता. जहाजावर स्वतःचा छोटा मोबाइल टॉवर असतो, तो उपग्रहाला जोडलेला असतो. खोल समुद्रात दुसरा सिग्नल नसल्यामुळे फोन गुपचूप त्याला चिकटतो. ते नेटवर्क कुठल्याच देशाचं नाही, त्यामुळे 'युरोप' किंवा 'ग्रीस' नावाचा पॅक तिथे सहसा लागू होत नाही आणि बिल भरमसाट येऊ शकतं. पण जमिनीवर उतरल्यावर हा मोड काढायला हवा होता. डेटा रोमिंग बंद, मोबाइल नेटवर्क चालू, असं ठेवलं तर निदान एसएमएस पोचतो. भारतीय सिमवर परदेशात एसएमएस येण्याचे सहसा पैसे लागत नाहीत, फक्त निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावं लागतं. आम्ही तेही केलं नव्हतं. फोन ई-सिमवाला असेल तर चार दिवसांचं छोटं ई-सिम सगळ्यात सोपं. बाबांचा फोन तसा नाही.

आम्ही केबल कारच्या दिशेने निघालो, कारण सगळं गावच तिकडे निघालं होतं. आणि रांगेत, पार पुढे, बाबांची पांढरी टोपी दिसली. गर्दी वाढतेय हे बघून त्यांनी नंबर लावून ठेवला होता. रेशनच्या आणि सिलिंडरच्या रांगांत घडलेला माणूस! आम्हाला बघून हात हलवला, "या, या, इकडे या!"

मागच्या लोकांनी आम्हाला पुढे जाऊ दिलं नाही. त्यांचं चूक नव्हतं. मग बाबाच रांग सोडून मागे आमच्याकडे आले. तासाभराची कमाई गेली.

रांग मोजायची कशी

इथे मात्र इंजिनियरिंग कामी आलं. रांगेत थांबायचा वेळ म्हणजे पुढची माणसं भागिले सुटण्याचा वेग. वेग माहीत होता, तासाला ५४०. माणसं मोजायला मी रांगेच्या कडेने टोकापर्यंत चालत गेले. एका पावलाच्या अंतरात सरासरी तीन माणसं, आणि रांग २३० पावलांची. म्हणजे ६९० च्या आसपास. भागाकार केला तर ७७ मिनिटं. चार दहाला उभे राहिलो तर साडेपाचला तीन मिनिटं असताना वर डब्यात बसणार, खाली उतरायला तीन मिनिटं, आणि खाली बोटीची वेगळी रांग. जमणार नव्हतं.

त्यात एक गोष्ट मला उशिरा कळली. जहाजाची सहल घेतलेल्या लोकांना सकाळी दुसऱ्या, अथिनियोस बंदरावर उतरवून बसने वर आणतात, पण परत जाताना तेही याच केबल कारने खाली येतात. म्हणून दुपारची रांग सकाळच्या रांगेपेक्षा वाईट. शिवाय जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतःहून फिरणाऱ्यांसाठी थांबेलच असं नाही.

बाबांना विचारलं, "पायऱ्या जमतील?" ते म्हणाले, "उतरायचंच आहे ना." गुडघेदुखीवाल्यांना उतरणंच जास्त त्रासाचं हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. पण दुसरा पर्याय नव्हता.

पायऱ्या रुंद, गुळगुळीत दगडाच्या, आणि गाढवांची लीद सगळीकडे. मध्येच गाढवांचा कळप वर येतो, तेव्हा कड्याच्या नाही तर भिंतीच्या बाजूला सरकायचं. आईने एक हात धरला, मी दुसरा. एरवी अर्ध्या तासाची वाट, आम्हाला पन्नास मिनिटं लागली. सुदैवाने कुठून उतरायचं हे शोधावं लागलं नाही, कारण ऑर्गॅनिक मॅप्समध्ये बेटाचा नकाशा आधीच उतरवून ठेवला होता. हे एक काम मी नीट केलं होतं. जीपीएस फक्त उपग्रहांचा सिग्नल ऐकतं, त्याला सिम लागत नाही. एअरप्लेन मोडमध्येही निळा ठिपका चालतो, फक्त पहिल्यांदा जागा सापडायला जरा वेळ लागतो. गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशाही ठीक आहे, पण त्यात नेटशिवाय पायी रस्ता दाखवण्याची सोय मिळेलच असं नाही. बाबांच्या फोनवरही हा नकाशा टाकला असता आणि त्यात भेटायची एक जागा खूण करून ठेवली असती तर चार वाजताचा प्रसंग आलाच नसता.

घड्याळाचं आणखी एक

आमच्या क्रूझमध्ये हा घोळ झाला नाही, पण मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर होतो. मायामीहून निघालेलं जहाज उन्हाळ्यात आपलं घड्याळ मायामीवरच ठेवतं असं धरा. कोझुमेलचं घड्याळ तेव्हा एक तास मागे असतं. फोन किनाऱ्यावरच्या टॉवरकडून वेळ घेतो आणि आपोआप मागे जातो. तुम्हाला वाटतं चार वाजलेत, जहाजावर पाच वाजलेले असतात. वेळ आपोआप ठरवण्याचं सेटिंग बंद करून जहाजाची वेळ हाताने लावून ठेवा, किंवा साधं मनगटी घड्याळ वापरा.

कोण आलं नाही, हे जहाजाला कसं कळतं

उतरताना आणि चढताना तुमचं कार्ड स्कॅन होतं, तेव्हा कर्मचाऱ्याच्या स्क्रीनवर तुमचा फोटो येतो. त्यामुळे कोण बाहेर आहे याची यादी त्यांच्याकडे सतत ताजी असते. निघायची वेळ आली की त्यातल्या नावांचा पुकारा होतो. तरीही कोणी आलं नाही, तर बऱ्याच कंपन्या त्या प्रवाशाचा पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीतून काढून बंदरावरच्या एजंटकडे देतात आणि जहाज निघतं. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो मोबाइलमध्ये, नेटशिवाय उघडतील असे ठेवा. फक्त क्लाउडमध्ये ठेवले तर ऐनवेळी गोल गोल फिरणारं चक्र बघत बसाल.

आम्ही सव्वापाचच्या थोडं आधी खाली पोचलो. बोटीच्या रांगेत अजून दोनेकशे माणसं होती. रांगेच्या शेवटी आमच्या जहाजाचा कर्मचारी पाटी घेऊन उभा होता. त्याने सांगितलं की साडेपाचला जे रांगेत असतील त्या सगळ्यांना नेणार. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हे वर कोणी सांगितलं नाही."

बोट सुटली तेव्हा वर केबल कारच्या रांगेत अजून माणसं दिसत होती. बाबांनी खिशातून मोबाइल काढला, एअरप्लेन मोड बंद केला आणि मला विचारलं, "आता चालू केला तर चालेल ना?" जहाज पुन्हा समुद्रात निघणार होतं. मला परत बंद करायला सांगावं लागलं.