सिस्टर, कोणता पाय धरू?

लसीकरणाच्या दिवशी अकराच्या सुमारास प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात बसायला जागा नसते. एक बाळ रडायला लागलं की त्याचं ऐकून दुसरं सुरू होतं. कुणाची तरी आजी “एवढ्याशा जिवाला तीन-तीन सुया?” म्हणत सुनेकडे बघत असते. आणि टेबलामागून सिस्टरचा आवाज येतो, “कार्ड कुठाय? गेल्या महिन्यात का नाही आणलं? आता आठवण झाली होय?” पहिलटकरीण आई इथंच निम्मी खचते. बाळंतपणानंतरचं अंग, रात्रीचं जागरण आणि त्यात चारचौघांत बोलणी. पुढच्या खेपेला यायलाच नको, असं वाटलं तर नवल नाही.

अशा वेळी आईनं मनाशी ठरवायचं ते एवढंच: या सिस्टरचं काय कानाआड करायचं, काय पुन्हा विचारायचं आणि कुठं स्पष्ट ‘थांबा’ म्हणायचं. स्वभावाला औषध नाही, पण सत्राला एक रीत असते. ती माहीत असली की तिरसट सिस्टर बरोबर बोलते आहे की फक्त सवयीनं खेकसते आहे, हे वेगळं काढता येतं.

तिची सकाळ आपल्या आधी सुरू झालेली असते. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते, म्हणून ती बर्फाच्या पॅकसह निळ्या कॅरियरमधून येते. हे पॅक फ्रीझरमधून काढून लगेच कॅरियरमध्ये टाकायचे नसतात. हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज येईपर्यंत ते बाहेर ठेवायचे, कारण पेंटाव्हॅलंटसारखी (पाच रोगांवरची एकत्रित) लस गोठली की निकामी होते. उन्हानं बिघडणाऱ्या लसी आपल्याला ठाऊक असतात, थंडीनं बिघडणाऱ्या नसतात. त्यापुढे आशाताईंनी आणलेली यादी, रजिस्टर, यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवरची नोंद, मोबाइलवर न येणारा ओटीपी. उपकेंद्राची परिचारिका (एएनएम) असेल तर सपाट भागात साधारण ५,००० लोकवस्ती तिच्या वाट्याला, डोंगरी वा आदिवासी भागात ३,०००. त्यात गरोदर बायांची तपासणीही आली. हे सांगण्यामागे तिच्या तोंडाळपणाला माफी द्यावी असा हेतू नाही. पण ती कशानं वैतागते ते कळलं की निम्मी बोलणी आधीच टाळता येतात. रांगेत असतानाच कार्ड हातात काढून ठेवायचं, यू-विनला दिलेला फोन सोबत आणायचा आणि बाळाला मांडी व दंड पटकन उघडे करता येतील असे कपडे घालायचे. सहा पदरी दुपटं सोडत बसलं की मागच्या रांगेचा राग सिस्टरवर निघतो आणि तिचा आपल्यावर.

आता ती बोलणी. ‘उशीर का केला’ याला लांबलचक कैफियत देऊ नये. “गावाला होतो, सिस्टर. आता कुठून पुढं द्यायचं?” एवढ्यानं भागतं. डोस लांबला म्हणून आधीचे वाया जात नाहीत. जिथं थांबलो तिथून पुढं सुरू करायचं, पुन्हा पहिल्यापासून नाही. “आता सगळं परत घ्यावं लागेल” असं कुणी दटावलं, तर ते फक्त दटावणं असतं.

बाळंतपण माहेरी होतं हा आपल्याकडचा रिवाज, आणि त्याचा फटका दीड महिन्याच्या डोसला बसतो. जन्माचे डोस माहेरच्या दवाखान्यात झालेले, आणि सासरची सिस्टर म्हणते, “आमच्याकडं नोंदच नाही, तिकडंच जा.” हे ऐकून परत फिरू नये. सरकारी लस कुठल्याही सत्रावर, कुठल्याही गावच्या बाळाला मोफत मिळते. कार्ड आहे, त्यावर तारखा आहेत, एवढं पुरे. “तुमच्या यादीत नाव घाला ना, आता आम्ही इथंच राहणार,” असं म्हटलं की गाडी बहुधा रुळावर येते. तिचीही गोची असते. यादीत नसलेलं बाळ म्हणजे तिच्यासाठी नवी नोंद.

सर्दीवरून होणारा घोळ दोन्हीकडचा आहे. कधी आई म्हणते, नाक वाहतंय, आज नको. कधी सिस्टरच हाकलते, “सर्दी आहे, बरं झाल्यावर आणा.” साधी सर्दी, खोकला, किरकोळ ताप किंवा थोडी पातळ शी यासाठी लस पुढं ढकलायची नसते. बाळ खरोखर आजारी असेल, दूध पीत नसेल, मलूल असेल, तर गोष्ट वेगळी, आणि ते ठरवायला डॉक्टर आहेत. म्हणून वाद न घालता एवढंच म्हणावं, “ताप मोजून बघता का? आणि मॅडमना दाखवू का एकदा?” वैद्यकीय अधिकाऱ्याचं नाव निघालं की निर्णय तिच्या एकटीच्या डोक्यावरून उतरतो, आणि तिलाही ते बरं वाटतं.

“आज बीसीजी नाही, गुरुवारी या.” या वाक्याइतका आयांचा संताप दुसऱ्या कशानं होत नसेल. त्यामागं लसीच्या कुपीचं गणित आहे. पेंटाव्हॅलंट, पीसीव्ही (न्यूमोनियावरची), पोलिओ या लसींची उघडलेली कुपी नीट थंड ठेवली आणि अटी पाळल्या तर २८ दिवसांपर्यंत वापरता येते. बीसीजी आणि गोवर-रुबेला या भुकटीच्या लसी. त्या द्रावकात कालवल्या की चार तासांत संपवायच्या किंवा टाकून द्यायच्या. बीसीजीच्या एका कुपीत दहा बाळांचे डोस असतात, म्हणून सिस्टर बाळं जमण्याची वाट बघते. पण एक बाळ आलं तरी त्याला रिकाम्या हातानं परत पाठवू नये, कुपी उघडावी, असाच कार्यक्रमाचा दंडक आहे. तेव्हा इथं नम्रपणे अडून बसायला हरकत नाही: “आम्ही लांबून आलोय सिस्टर, आज उघडता येत असेल तर बघा.” नाहीच म्हणाली तर पुढची तारीख आणि ठिकाण कार्डावर लिहून मागावं. तोंडी ‘गुरुवारी’ गुरुवारपर्यंत टिकत नाही.

खरी गाठ सुईपाशी पडते. दीड महिन्याला बाळाला तीन सुया असतात: डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, उजव्या मांडीत पीसीव्ही आणि उजव्या दंडावर कातडीत पोलिओची छोटीशी. शिवाय तोंडावाटे पोलिओचे थेंब आणि जुलाबावरची रोटा. अडीच महिन्यांना एकच सुई, साडेतीन महिन्यांना पुन्हा तीन. आजीच्या काळी हे नव्हतं हे खरं. पेंटाव्हॅलंट आपल्या देशात २०११ पासून टप्प्याटप्प्यानं आली, रोटा २०१६ पासून आणि पीसीव्ही सगळीकडे २०२१ पासून. “आज एकच द्या, बाकीच्या नंतर” असं म्हटलं की सिस्टर चिडते, आणि इथं तिचं बरोबर असतं. एकाच दिवशी सगळ्या देणं सुरक्षित आहे. हप्त्यानं सुया घेतल्या तर बाळाला तेवढ्या जास्त वेळा रडवायचं आणि मधल्या काळात ते उघडं राहणार ते वेगळंच.

टेबलाजवळ गेल्यावर बोलण्यासारखं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे “सिस्टर, मी मांडीवर धरते. आधी कोणता पाय देऊ?” यात ना तक्रार आहे ना शंका, उलट मदत आहे. पण उत्तरात लस कळते. डावा म्हणाली तर पेंटा, उजवा म्हणाली तर पीसीव्ही. मग पुढचा प्रश्न आपोआप निघतो, “ही पेंटाची ना?” “तुम्हाला काय करायचंय, आम्ही बघतो ना” असं उत्तर आलं, तरी आवाज न चढवता तोच प्रश्न पुन्हा विचारावा. कुठली लस दिली आणि ती कोणत्या रोगासाठी, हे सांगणं तिच्या कामाचाच भाग आहे, उपकार नव्हे.

बाळाला धरायचं कसं, हे बहुतेक ठिकाणी कुणी शिकवत नाही. सिस्टर “नीट धरा ओ” एवढंच ओरडते. बाळाला आपल्या मांडीवर आडवं बसवायचं. त्याचा आपल्याकडचा हात आपल्या पाठीमागे घालायचा, दुसरा हात आपल्या हातात. ज्या पायाला सुई नाही तो आपल्या दोन मांड्यांत हलके दाबायचा, आणि सुईची मांडी गुडघ्याजवळ पकडून ठेवायची. पाय हलला नाही की सुई क्षणात जाते आणि येते. थेंब आधी, सुया नंतर, असा क्रम ठेवला तर रडक्या तोंडात औषध घालायची वेळ येत नाही. आणि अंगावर पाजायचं. सुईच्या आधी, चालू असताना किंवा लगेच नंतर, कधीही. त्यानं दुखणं कमी होतं. “थेंब दिल्यावर अर्धा तास पाजू नका” हे जुनं वाक्य अजून कुठं कुठं ऐकू येतं, त्याला आधार नाही. “इथं पाजत बसू नका, मागं रांग आहे” असं ती म्हणाली, तर शेजारच्या बाकावर सरकायचं आणि पाजायचं. जागेवरून भांडण नको, दुधावरून माघार नको.

स्पष्ट ‘थांबा’ म्हणायचे प्रसंग थोडे आहेत, पण तिथं भिडस्तपणा कामाचा नाही. सिरिंज आपल्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे. सरकारी कार्यक्रमात ती एकदा वापरल्यावर पुन्हा मागं न ओढता येणारी असते. कुपी दाखवा म्हणायला लाजू नये. त्यावर एक छोटं वर्तुळ आणि त्यात चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस उष्णतेपासून बचावलेली आहे. दोघांचा रंग एक झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला, तर ती कुपी वापरायची नाही. हे बघायला नर्सिंग शिकावं लागत नाही, डोळे पुरतात. आणि हा संशयीपणा फुकटचा नाही. २०२१च्या सुरुवातीला यवतमाळ जिल्ह्यात पोलिओ मोहिमेत १२ मुलांना थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. मुलं बचावली. पण बाटलीवरचं नाव कुणीतरी मोठ्यानं वाचलं असतं तर ती वेळच आली नसती. चांगली सिस्टर कुपी दाखवा म्हटल्यावर रागावत नाही, उलट लेबल आपल्याकडं फिरवते.

लस झाली की सिस्टरला पुढचं बाळ दिसत असतं. “झालं, जा आता.” जायचं नाही. अर्धा तास तिथंच बसायचं, कारण गंभीर प्रतिक्रिया आलीच तर ती बहुधा याच वेळात येते आणि उपचाराचं सामान तिथंच असतं. तिनं सांगायच्या गोष्टी चार: काय दिलं, काय त्रास होईल आणि झाला तर काय करायचं, पुढची खेप कधी, आणि कार्ड जपून ठेवा. यातली दुसरी हमखास गळते. म्हणून विचारावं, “तापाचं औषध किती द्यायचं, वजनावर सांगता का?” आणि ते कार्डावरच लिहून घ्यावं. पेंटाच्या जागी सूज आणि एक-दोन दिवस ताप हे नेहमीचं. ती जागा चोळायची नाही. बीसीजीची गाठ काही आठवड्यांनी येते, फुटते आणि व्रण राहतो. तिला हळद, मलम काही लावायचं नाही. बाळ तीन तासांहून जास्त एकसारखं रडलं, झटके आले किंवा अंग ढिलं पडलं, तर आशाताईंच्या फोनची वाट न बघता १०८ला फोन करायचा.

खासगी दवाखान्यात घाई वेगळी, पैसे वेगळे. तिथं लसीचं नाव, कंपनी, किंमत आणि मुदत आधी विचारावी, आणि कुपीवरचं स्टिकर फाइलला लावून घ्यावं. बाकी सगळं तेच.

तक्रार करावी का? आवाज चढवला, टोमणा मारला, एवढ्यावर मी तरी करणार नाही. सगळ्यांदेखत अपमान केला, लस असून परत पाठवलं, पैसे मागितले, जुनी सुई वापरली किंवा कुपी दाखवायला नकार दिला, तर मात्र त्याच दिवशी करावी. तारीख, वेळ, सत्राचं ठिकाण, लसीचं नाव आणि काय झालं ते चार ओळींत लिहून वैद्यकीय अधिकाऱ्याला द्यावं आणि पोच घ्यावी. तिथं दाद लागली नाही तर तालुका आरोग्य अधिकारी, शहरात असाल तर महापालिकेचा आरोग्य विभाग, किंवा आरोग्य खात्याचा १०४ हा क्रमांक. तोवर पुढचा डोस अडवून ठेवू नये. रोटाचा पहिला डोस बाळ वर्षाचं व्हायच्या आतच मिळतो, बीसीजीचंही तसंच. त्या सिस्टरचं तोंड बघायचं नसेल तर शेजारच्या गावचं सत्र कोणत्या दिवशी असतं ते आशाताईंना विचारावं आणि कार्ड घेऊन तिथं जावं.