खापर क्लच प्लेटवर

सिडकोच्या करंजाडे नोडमध्ये आता भातखाचरांपेक्षा इमारती जास्त, तरी ट्रॅक्टर काही हद्दपार झालेला नाही. पनवेल तालुक्यात उरलेल्या शेतीत तो चिखलणी करतो, एरवी मुरमाची ट्रॉली नाहीतर पाण्याचा टँकर ओढतो. महिंद्रा युवराज २१५ सारख्या एका सिलिंडरच्या, १५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला भरलेली ट्रॉली चढावर हाफ क्लचवर धरून ठेवायला लावली, तर क्लच झिजणारच. पण जोर लागेनासा झाला की लगेच ‘प्लेट गेली, फोडा ट्रॅक्टर’ म्हणत इंजिन गियरबॉक्सपासून सुटं करायचा निकाल देणं घाईचं आहे. प्लेट कशाने झिजली हे आधी शोधलं नाही, तर नवी प्लेटही त्याच वाटेने जाते.

याचं कारण क्लचच्या रचनेतच आहे. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरतात. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगरवर रेटतं आणि ती पकड सुटते. प्लेटचं अस्तर झिजत जातं तशी फिंगर बेअरिंगकडे सरकतात आणि पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी चाल, कमी होत जातो. तो वेळेवर सेट केला नाही, तर पेडलवर पाय नसतानाही बेअरिंग फिंगरना टेकून राहतं, पकड अर्धवट बसते आणि अजून कामाची असलेली प्लेट जळते. म्हणून पहिलं काम पाना घेण्याचं नाही, पेडल हाताने दाबून फ्री प्ले मोजण्याचं आणि तो मॅन्युअलशी ताडून पाहण्याचं. मग सपाटीवर ब्रेक लावून, वरच्या गियरमध्ये, बेताच्या रेसवर क्लच सोडून पाहावा. इंजिन बंद पडलं तर पकड शाबूत आहे. ते फिरतच राहिलं तर क्लच सरकतो आहे. ही परीक्षा एकदाच घ्यावी, कारण तिनेही प्लेट तापते.

कोकणातल्या दमटपणाने आणखी एक घोळ होतो. चिखलणीनंतर उभा राहिलेला ट्रॅक्टर कधी गियरच घेत नाही, नुसता करकरतो. तिथे प्लेट झिजलेली नसते, गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असते. पेडल दाबून अडकवून ठेवायची रीत त्यासाठीच आहे. क्लच हाऊसिंगच्या तळाचं भोकही बोलकं असतं. तिथून काळं, पातळ ऑइल गळत असेल तर क्रँकचं मागचं सील गेलं. जाड, उग्र वासाचं ऑइल गियरबॉक्सकडचं. चिखलणीसाठी भोकाला लावलेला प्लग नंतर काढायचा राहिला, तर हेच ऑइल आत साचून प्लेटवर चढतं.

मेकॅनिक म्हणेल, शेवटी फोडायचाच आहे, मग आधी कशाला खोळंबायचं? तपासणी अर्ध्या तासाची आणि फोडणं-जोडणं दिवसाचं, एवढं उत्तर पुरे. शिवाय सील गळतं हे आधी कळलं, तर ते आणूनच काम सुरू होतं. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनवर झुलतो, म्हणून ट्रॅक्टर फोडताना त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्याशिवाय बोल्ट सोडू नयेत. नाहीतर सुटं झालेलं इंजिन कलंडतं. मालकाचा आक्षेप जास्त रास्त आहे: प्लेट खराब, मग पूर्ण सेटचे पैसे का? प्रेशर प्लेटला तडे किंवा निळे डाग नसतील, पृष्ठभाग सपाट असेल आणि फिंगर सारख्या उंचीवर असतील, तर ती जरूर परत वापरावी. रिलीज बेअरिंगच्या बाबतीत मात्र काटकसर अंगाशी येते. ते महिन्याभरात कुरकुरलं तर ट्रॅक्टर पुन्हा फोडावा लागतो, आणि मजुरी बेअरिंगच्या किमतीपेक्षा भारी पडते. बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन परत बसवणं तर त्याहून वाईट, कारण आतलं ग्रीसच निघून जातं. नवी प्लेट सुरुवातीच्या कामात थोडी बसते, तेव्हा पहिल्या काही दिवसांनी फ्री प्ले पुन्हा मोजून घ्यावा.