सह्याद्रीच्या पाषाणाची पूर्वसीमा

पांढरकवड्याच्या मुलास पर्वत म्हटला कीं हिमालय आठवतो, फार तर सह्याद्रि. पायांखालचा काळा दगड त्याच सह्याद्रीच्या दगडाचा सगोत्र आहे, हें त्यास सहसा कोणी सांगत नाहीं.

सुमारें ६.६ कोटि वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून तप्त शिलारस वेळोवेळीं वाहिला व थरांवर थर बसले. पश्चिमेस त्यांची जाडी सुमारें २००० मीटर भरते. तेच थर पाऊसपाण्यानें कातरले जाऊन १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर उभें राहिलें. पूर्वेकडे हे थर पातळ होत येतात आणि वणीच्या बाजूस ते संपून, त्यांहून फार जुने असे चुनखडीचे दगड व कोळसा हातीं लागतो. पांढरकवडा या सीमेनजीकच वसलें आहे.

शिबला गांवाजवळ याच शिलारसाचे षट्कोनी स्तंभ पाहावयास मिळतात. पडक्या हेमाडपंती देवळाचे खांबच म्हणावेत, इतके ते रेखीव! परंतु तेथें टांकीचें काम नाहीं. शिलारस निवतांना आकसला आणि, तळ्यांतील चिखल वाळून तडकावा तसा, तडकला. तडे खोल उतरत गेले व स्तंभ सुटे झाले. मुंबईंत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच स्तंभांची. तिच्या भोंवतालचा दगड खाणवाल्यांनीं केव्हांच नेला. शिबल्याचे खांब तरी गिट्टींत जाऊं नयेत.

दिवाळीच्या सुटींत मुलांस तेथें अवश्य न्यावें. येतांना दगड मात्र एकहि आणूं नये.