बॅटरीवर चालणारी हत्यारे : लहान घराणे की मोठे?

बंगळूर शहराच्या पूर्व भागातील इंदिरानगर ही वसाहत १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात आखण्यात आली. प्रारंभी येथे प्रशस्त अंगणांचे बंगले होते. १९९० नंतर शहरात माहिती तंत्रज्ञानाचा व्यवसाय वाढला आणि शंभर फुटी रस्त्यावरील अनेक बंगल्यांच्या जागी दुकाने, उपाहारगृहे व कचेऱ्या आल्या. अशा वस्तीत भिंती पाडणे, कपाटे बसविणे, दिव्यांच्या तारा ओढणे ही कामे बारमाही चालतात. ती करणाऱ्या सुताराच्या किंवा वायरमनच्या हाती आता बहुधा बॅटरीवर चालणारे ड्रिल असते. हे हत्यार लहान घ्यावे की मोठे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो; परंतु हातावर पोट असलेल्या कारागिराच्या दृष्टीने तो कित्येक वर्षांच्या खर्चाचा असतो.

याचे कारण असे की, आपण केवळ एक ड्रिल विकत घेत नाही, तर एका बॅटरी-घराण्यात प्रवेश करतो. एका कंपनीची बॅटरी सामान्यतः दुसऱ्या कंपनीच्या हत्यारास बसत नाही. एवढेच नव्हे, तर एकाच कंपनीची लहान व मोठी बॅटरीही बहुधा परस्परांच्या जागी चालत नाही. पहिल्या ड्रिलबरोबर आलेली बॅटरी व चार्जर पुढील करवत, ग्राइंडर व दिवा यांचीही निवड ठरवून टाकतात.

या हत्यारांचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर या कंपनीने १९६१ साली निकेल-कॅडमियम घटांवर चालणारे ड्रिल बाजारात आणले. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने लिथियम-आयन घटांचे व्यापारी उत्पादन सुरू केले आणि २००५ च्या सुमारास हे हलके घट मोठ्या हत्यारांत वापरले जाऊ लागले. आजची दोन्ही घराणी याच घटांवर उभी आहेत.

आता या घटांचे गणित पाहू. लिथियम-आयन घटाचा सरासरी विद्युतदाब ३.६ व्होल्ट असतो. असे तीन घट एकसर जोडले की १०.८ व्होल्ट होतात. पाच जोडले की १८ व्होल्ट. घट नुकताच भारित केलेला असताना त्याचा दाब चार व्होल्टांच्या थोडा वर जातो. म्हणून काही उत्पादक तीन घटांच्या बॅटरीवर ‘१२ व्होल्ट’ आणि पाच घटांच्या बॅटरीवर ‘२० व्होल्ट’ असे छापतात. वस्तू तीच, मोजण्याचा क्षण तेवढा निराळा. वीसचा आकडा पाहून अठराहून अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

दाब अधिक म्हणजे ऊर्जाही अधिक, असा एक समज रूढ आहे. तो खरा नाही. ऊर्जा म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार. १८ व्होल्ट व २ अँपिअर-तास यांची बॅटरी ३६ वॉट-तास ऊर्जा साठविते, १०.८ व्होल्ट व ४ अँपिअर-तास यांची ‘लहान’ बॅटरी ४३.२ वॉट-तास साठविते. पहिलीत पाच घट आहेत, दुसरीत सहा. म्हणजे साठा ठरतो तो घटांच्या संख्येवर व प्रतीवर.

मग मोठ्या दाबाचा लाभ कोणता? समजा, एखाद्या कामास २१६ वॉट शक्ती हवी आहे. १८ व्होल्टांच्या बॅटरीतून त्यासाठी १२ अँपिअर प्रवाह लागेल, १०.८ व्होल्टांच्या बॅटरीतून २० अँपिअर. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तेवढ्याच रोधाच्या प्रत्येक घटात लहान बॅटरीच्या बाबतीत सुमारे पावणेतीन पट उष्णता निर्माण होते. तापलेला घट लवकर झिजतो. सबब काँक्रीटमध्ये एकामागून एक भोके पाडणे, जाड लाकूड कापणे, लोखंड घासणे या कामांसाठी मोठे घराणेच योग्य ठरते.

परंतु मोठेपणाची किंमत हातालाच द्यावी लागते. नेहमीच्या वापरातील एका घटाचे वजन सुमारे ४५ ते ५० ग्रॅम असते. तीन घटांचे मिळून दीडशे ग्रॅमांच्या आत, तर दहा घटांचे जवळजवळ अर्धा किलो. मोटर व दातचक्रेही त्याच मानाने जड. शिडीवर उभे राहून छताला दिवसभर स्क्रू बसविणाऱ्याच्या खांद्याला हा फरक संध्याकाळी कळतो. शिवाय पाते अचानक अडकले, तर जोरकस ड्रिल मनगटाला हिसका देते. कपाटांच्या बिजागऱ्या, विजेच्या पेट्या, अरुंद कोपरे यांसाठी लहान हत्यार अधिक सोयीचे व सुरक्षित असते.

म्हणून निवड करताना आपल्या सर्वांत कठीण कामाचा विचार करण्यापूर्वी वारंवार करावयाच्या कामाचा विचार करावा. भाड्याच्या घरात चार फळ्या लावणाऱ्या कुटुंबास लहान संच पुरतो. वर्षातून दोनदा काँक्रीट फोडायचे असल्यास २३० व्होल्टांच्या विजेवर चालणारे तारेचे यंत्र भाड्याने आणावे. जेथे अद्याप वीजजोडणीच नाही, अशा नव्या इमारतीत काम करणाऱ्याने मात्र मोठ्या घराण्याचाच आश्रय घ्यावा. दोन्ही प्रकारची कामे असणाऱ्या कारागिराने एकाच कंपनीचे दोन्ही संच घेतल्यास काही वेळा एकच चार्जर दोहोंना चालतो. खरेदीपूर्वी तेवढी खात्री करून घ्यावी.

अखेर, बॅटरी कधीतरी संपणारच. भारतात २०२२ साली लागू झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचे पुनश्चक्रण करविण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. लिथियमची बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकल्यास दबून पेट घेऊ शकते. तेव्हा हत्यार निवडताना जुनी बॅटरी परत कोण घेईल आणि पाच वर्षांनी नवी मिळेल का, हे दोन प्रश्न दुकानदारास अवश्य विचारावेत.