पेनड्राइव्ह लावल्याने डेटा उडत नाही

विंडोज १० चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. तेव्हापासून मनमाडला जुन्या लॅपटॉपचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "लिनक्सचा पेनड्राइव्ह लावू नका, सगळा डेटा उडतो." सांगणारा कधी दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा असतो, तर कधी क्लासचे सर. ऐकणाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये मुलीच्या लग्नाचे फोटो असतात, त्यामुळे तो घाबरतो. मग धडधाकट यंत्र भंगारात तरी जातं, नाहीतर नवीन लॅपटॉपचा हप्ता सुरू होतो. कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षेचं हार्डवेअर लागतं आणि जुन्या बऱ्याच यंत्रांत ते नसतं.

वस्तुस्थिती अशी. उबंटू किंवा मिंट अशा एखाद्या लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केलं की लिनक्स रॅममध्ये चालू होतं. याला लाइव्ह सेशन म्हणतात. इंटरनेट, वायफाय, आवाज, प्रिंटर, सगळं तपासून घ्या. आपल्या हार्डडिस्कवर त्याने स्वतःहून काही लिहिलेलं नसतं. यंत्र बंद करा, पेनड्राइव्ह काढा, पुन्हा चालू करा. विंडोज होतं तसंच उघडतं. ही माझी समजूत नाही. लाइव्ह सेशनमधले बदल टिकत नाहीत, असं मिंटच्या अधिकृत मार्गदर्शिकेतच लिहिलं आहे. हे तंत्र कालपरवाचंही नाही. २००० साली क्नॉपिक्स नावाचं लिनक्स सीडीवरून असंच चालायचं. अर्थात लाइव्ह सेशनमध्ये तुम्हीच सी ड्राइव्ह उघडून फाइली डिलीट केल्यात, तर त्या जाणारच. तो दोष पेनड्राइव्हचा नाही.

मग डेटा उडाल्याच्या गोष्टी येतात कुठून? त्या खऱ्या असतात, फक्त कारण वेगळं असतं. डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल' चिन्हावर क्लिक केलं की इन्स्टॉलर विचारतो: विंडोजच्या शेजारी टाकू की पूर्ण डिस्क पुसून टाकू? घाईत 'इरेज डिस्क' निवडलं आणि त्यानंतर येणारी खात्रीची सूचनाही न वाचता होकार दिला, की विंडोज, फोटो, सगळं गेलं. विचारलेलं न वाचता 'नेक्स्ट, नेक्स्ट' करायची सवय आपल्याला विंडोजनेच लावली, आणि बदनाम होतो पेनड्राइव्ह!

शेजारी टाकण्याचा पर्याय घेतला की यंत्र मनमाड जंक्शनसारखं होतं: भुसावळकडे जायचं की दौंडकडे, हे गाडी सुटण्याआधी ठरतं. सुरुवातीला ग्रब नावाची यादी येते. त्यातून विंडोज किंवा लिनक्स निवडायचं. इन्स्टॉल करण्याआधी तीन कामं मात्र चुकवू नका. डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर बायोसमध्ये बदल केल्यावर विंडोज ती मागेल आणि तुम्ही बघत बसाल. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. लिनक्सला जागा करायला विंडोजचं पार्टिशन लहान करायचं काम सुरू असताना वीज गेली तर मात्र डेटाला खरा धोका असतो, तेव्हा डेस्कटॉपला यूपीएस हवाच आणि लॅपटॉपची बॅटरी भरलेली हवी.

लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवताना एक गोष्ट नक्की पुसली जाते: तो पेनड्राइव्हच. त्यात आधी काही असेल तर काढून घ्या. आणि लिनक्सची आयएसओ फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून तो बूट होत नाही, हेही किती वेळा सांगायचं! ती रूफस किंवा बलेनाएचरने लिहावी लागते. व्हेंटॉय हा अपवाद. तो एकदा बसवला की फाइल नुसती कॉपी केली तरी चालते. नंतर विंडोजला पेनड्राइव्ह विचित्र किंवा लहान दिसला, तर तो बिघडलेला नसतो; त्यावरची पार्टिशन काढून पुन्हा फॉरमॅट मारा.

बाकीचे गैरसमज झटपट. "पेनड्राइव्ह कायम लावून ठेवावा लागतो": इन्स्टॉल झाल्यावर नाही. "फुकट म्हणजे चोरीचं": लिनक्सचा परवानाच वाटायला मुभा देतो, चोरीचं असतं ते क्रॅक केलेलं विंडोज. "सिक्युअर बूट असेल तर चालत नाही": उबंटू, मिंट, फेडोरा सहसा चालतात. "काळ्या पडद्यावर कमांड द्याव्या लागतात": रोजच्या वापराला नाही. "विंडोजचं घड्याळ बिघडतं": ते साडेपाच तास मागे दिसू शकतं, कारण लिनक्स यंत्रातली वेळ जागतिक प्रमाणवेळ धरतं, सेटिंग बदललं की सरळ होतं. "मराठी चालत नाही": इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंग्जमधून जोडता येतो. श्रीलिपीतल्या जुन्या फाइली मात्र युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतील.

"कितीही जुन्या यंत्रावर लिनक्स पळतं" हा उलट बाजूचा गैरसमज, आणि तो आम्हा लिनक्सवाल्यांनीच पसरवला. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असेल तर बरं. ३२ बिट यंत्रांना तर उबंटूने केव्हाच रामराम केला. टॅलीवर ज्यांचं पोट आहे त्यांनी विंडोज काढू नये, कारण टॅली लिनक्ससाठी बनलेलं नाही. बाकीच्यांनी आधी लाइव्ह सेशनमध्ये वायफाय आणि प्रिंटर चालतो का ते पाहावं, आणि मगच 'इन्स्टॉल'ला हात लावावा.