घर भाड्याने देण्यापूर्वी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने रचली, त्याने घर भाड्याने देण्याचा अनुभव घेतला नसावा. एरवी त्या दोन परीक्षांच्या पंक्तीला ही तिसरी परीक्षा बसविल्यावाचून तो राहिला नसता. नोकरीनिमित्त दिल्ली, भोपाळ किंवा बंगळुरू येथे राहणारे मराठी कुटुंब काटकसरीने चार पैसे साठविते आणि पुण्यात, नाशकात किंवा ठाण्यात एखादी सदनिका घेऊन ठेवते. निवृत्तीपर्यंत ती भाड्याने द्यावी आणि पुढे ते भाडे निवृत्तिवेतनाला पूरक व्हावे, असा हिशेब असतो. तो मुळात चुकीचा नाही. परंतु दागिना पेटीत ठेवला की स्वस्थ बसता येते, तसे घराचे नसते. भाड्याने दिलेले घर हा एक लहानसा व्यवसायच होय आणि व्यवसायाला लागणारी दक्षता त्यालाही लागते.

प्रथम उत्पन्नाचा विचार करू. समजा, एखाद्याने ऐंशी लाखांची सदनिका घेतली. मुद्रांकशुल्क, नोंदणी आणि किरकोळ डागडुजी धरून ती छ्याऐंशी लाखांना पडली. भाडे दरमहा वीस हजार ठरले, म्हणजे वर्षाला दोन लाख चाळीस हजार. पण एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत वर्षाकाठी सरासरी एक महिना घर रिकामे राहते, असे धरावे. मग उरले दोन लाख वीस हजार. त्यातून गृहनिर्माण संस्थेचे शुल्क छत्तीस हजार, महापालिकेचा मिळकतकर बारा हजार, आणि दलाली, रंगकाम व नळदुरुस्तीपोटी बावीस हजार वजा केले, तर हाती दीड लाख राहतात. गुंतविलेल्या रकमेवर हे शेकडा पावणेदोन होतात आणि प्राप्तिकर अद्याप द्यावयाचाच असतो. तो आकारताना, मालकाने प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा केल्यावर उरणाऱ्या भाड्याच्या शेकडा तीस इतकी सरसकट सूट मिळते, एवढा दिलासा आहे.

याच घरासाठी साठ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी काढले असेल, तर पहिल्या वर्षीचे नुसते व्याजच पाच लाखांच्या घरात जाते. भाड्यातून हप्ता फिटेल ही समजूत येथे कोलमडते. तेव्हा घराचा खरा लाभ बव्हंशी त्याची किंमत वाढण्यावर अवलंबून असतो, आणि किंमत वाढेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. भाडे एकही महिना न आले तरी सहा महिने हप्ते भरण्याइतकी शिल्लक ज्याच्याजवळ नाही, त्याने कर्ज काढून दुसरे घर घेण्याची घाई करू नये.

दुसरा प्रश्न मालकीहक्काचा. घराच्या भिंती डोळ्यांना दिसतात. हक्क मात्र कागदांवरच पाहावा लागतो. जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, पूर्वीची खरेदीखते, बांधकामाची परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र ही कागदपत्रे माहीतगार वकिलाकडून तपासून घ्यावीत. मागील तीस वर्षांच्या नोंदी पाहण्याचा वकिलांचा प्रघात आहे, तो सोडू नये. केवळ कुलमुखत्यारपत्रावर घर ‘विकत’ घेण्याची प्रथा काही शहरांत फोफावली होती; अशा व्यवहाराने स्थावर मिळकतीची मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. मालकी मिळते ती नोंदणीकृत खरेदीखतानेच.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घ्यावयाचे असेल, तर २०१६ चा स्थावर संपदा अधिनियम उपयोगी पडतो. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील आणि आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची विक्रीपूर्वी नोंदणी करणे बिल्डरला बंधनकारक आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी शेकडा सत्तर रक्कम त्याने त्या प्रकल्पासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावयाची असते. नोंदणीकृत करार झाल्यावाचून किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम त्याला घेता येत नाही. या तीन गोष्टींची खात्री करून घेण्यास फार तर एक दिवस लागतो. तो वाचविण्याच्या नादात आयुष्याची पुंजी गमावणे शहाणपणाचे नव्हे.

आता भाडेकरूकडे वळू. ‘एकदा भाडेकरू आला की घर गेले’ असे जुने लोक म्हणत, त्याला इतिहासाचा आधार आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, मुंबईत भाडेवाढीला आळा घालणारा कायदा झाला. पुढे १९४७ च्या कायद्याने सप्टेंबर १९४० मधील भाडे हेच सामान्यतः प्रमाणभूत भाडे ठरविले. फाळणीच्या आणि टंचाईच्या त्या काळात गरीब कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर त्यामुळे टिकले, हे विसरून चालणार नाही. परंतु तात्पुरता म्हणून केलेला हा उपाय पन्नास वर्षे चालला. भाडे गोठले, खर्च वाढत राहिला, आणि गिरगाव-लालबागच्या चाळींची दुरुस्ती करणे मालकाला परवडेनासे झाले. मालक हात झटकू लागला. भाडेकरू घर सोडीना. आणि पागडीचा व्यवहार मागील दाराने चालू राहिला. मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी अखेर १९६९ मध्ये सरकारला कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. त्यातच १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने राहत असलेल्या लोकांनाही कायद्याने भाडेकरूचा दर्जा मिळाला आणि मालकवर्गाने धास्तीच घेतली. कित्येकांनी घरे कुलुपबंद ठेवणे पसंत केले. मालकाचे त्यात नुकसान झालेच. पण घर शोधीत वणवण करणाऱ्याचे अधिक झाले.

ही कोंडी ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने बऱ्याच अंशी फोडली. ‘लीव्ह अँड लायसन्स’ म्हणजे परवान्याने राहण्याचा करार लेखी असेल, तर राहण्यासाठी दिलेल्या घराचा ताबा मुदत संपताच परत मागण्याचा हक्क मालकाला आहे. त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर घर न सोडणाऱ्यास ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. मात्र येथे एका गैरसमजाचे निराकरण अवश्य केले पाहिजे. करार अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही, असे सर्रास मानले जाते. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची करणाऱ्या १९०८ च्या कायद्यातून हा अकरा महिन्यांचा रिवाज निघाला. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या अधिनियमाप्रमाणे मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय मालक शिक्षेस पात्र ठरतो. काही हजार रुपये वाचवून हा धोका पत्करणे म्हणजे दारे उघडी टाकून खिडकीला कडी लावण्यासारखे आहे.

महाराष्ट्राबाहेर घर असणाऱ्यांनी त्या त्या राज्याचा कायदा पाहावा, कारण हा विषय राज्यांच्या अखत्यारीत येतो. दिल्लीचा कायदा १९५८ चा, गोव्याचा १९६८ चा. तर तामिळनाडूने २०१७ मध्ये आणि उत्तर प्रदेशाने २०२१ मध्ये नवे कायदे केले. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार अधिनियमाचा नमुना राज्यांपुढे ठेवला. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये, असे सुचविले आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो बंधनकारक होत नाही. तथापि न्याय्य व्यवहार कसा असावा, याचे ते एक चांगले माप आहे.

कायद्याने भांडण सुटते. भांडण टाळते ती माणसाची पारख आणि वागणूक. भाडेकरूची निवड करताना त्याची जात, धर्म किंवा स्वयंपाकघरातील पदार्थ यांची चौकशी करण्याची खोड आपल्या सुशिक्षित वस्त्यांतूनही गेलेली नाही. त्या चौकशीतून भाडे वेळेवर मिळेल की नाही, हे कधीच कळत नाही. त्याऐवजी त्याचे उत्पन्न, नोकरीचे ठिकाण आणि पूर्वीच्या घरमालकाचा अभिप्राय विचारावा. स्थानिक पोलीस ठाण्याला आणि गृहनिर्माण संस्थेला भाडेकरूची माहिती द्यावी. घराचा ताबा देताना पंखे, दिवे, नळ, कपाटे यांची यादी करून तिच्यावर उभयतांच्या सह्या घ्याव्यात आणि प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून ठेवावीत. अनामत परत करताना होणारे बहुतेक तंटे या एका यादीने मिटतात. भाडे बँकेतून घ्यावे आणि पावती न मागताही द्यावी.

मालकाच्या कर्तव्यांचीही जाणीव हवी. घर राहण्यास योग्य ठेवणे आणि दुरुस्ती करणे हे त्याचे काम आहे. पाहणीस जावयाचे, तर आधी कळवून व सोयीच्या वेळी जावे. किल्ली आपल्याजवळ आहे म्हणून केव्हाही दार उघडण्याचा हक्क प्राप्त होत नाही. भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडणे हा तर कायद्यानेच निषिद्ध मार्ग आहे. दूर गावी राहणाऱ्या मालकाने दुरुस्तीसाठी जवळपासचा एखादा विश्वासू माणूस नेमून ठेवावा आणि लहान कामे त्याच्या निर्णयावर सोपवावीत. गळका नळ आठ दिवस तसाच राहिला, तर भाडेकरूच्या मनात येणारी कटुता नळ दुरुस्त झाल्यावरही ओसरत नाही. चांगला भाडेकरू टिकावा म्हणून भाड्यात थोडी माघार घेतली, तरी घर एक महिना रिकामे पडण्याच्या तुलनेत ती बहुधा स्वस्तच पडते.

मालकाच्या दृष्टीने जी गुंतवणूक, तेच भाडेकरूच्या दृष्टीने त्याचे घर असते. तेथे त्याची मुले अभ्यासाला बसतात, त्याचे आईवडील आजारपण काढतात. मालकाला मुदतीअखेर आपली वास्तू निश्चित परत मिळावी आणि भाडेकरूला मुदतीपर्यंत तेथे निर्धास्त राहता यावे, या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहिता येतात. तो कागद नीट वाचून, समजून आणि नोंदवूनच नव्या घरमालकाने किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी.